दर्या तोच

आमचे आजोबा जहाजावर खलाशी. भाड्याची यॉट घेऊन हौसेने दर्यावर निघणारे आमच्या घरात आम्हीच पहिले. बेत होता तुर्कस्तानातल्या बोद्रुमहून कोस, सिमी ही ग्रीक बेटे पाहण्याचा. यॉट आठवड्याच्या बोलीने मिळते. इंधन, जेवण आणि बंदराच्या खर्चापोटी भाड्याच्या साधारण २५ ते ३० टक्के रक्कम आगाऊ भरावी लागते. जुलै-ऑगस्टात तिथे मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जोरात असतो, म्हणून सप्टेंबर धरला. खाण्यापिण्याच्या तक्त्यात लिहिले: गोश्त हलाल, दारू नको.

नकाशावर बोद्रुम ते कोस रेघ ओढताना मात्र हात अडखळला. २ सप्टेंबर २०१५ रोजी याच वाटेवर होडी उलटली आणि आलान कुर्दी हा सीरियातला चिमुकला, त्याचा भाऊ आणि आई बुडाली. त्यांनाही कोसलाच जायचे होते.

बेत आम्ही मोडला नाही. यॉटवाल्याला एवढेच विचारले, वाटेत कोणी बुडताना दिसले तर? उत्तर आले, "दर्याचा कायदा आहे, कप्तानाला मदतीला जावेच लागते. तुमचे वेळापत्रक बिघडले तर तक्रार चालणार नाही."

अब्बा म्हणाले, "मग याच्याबरोबर जायला हरकत नाही." त्याच दिवशी आम्ही इसार पाठवला.