संध्याकाळच्या आत घरी

मुंबईच्या उपनगरांत आयुष्य काढलेल्या माणसाला सहल म्हटली की लोणावळा, महाबळेश्वर, नाहीतर गावाकडची वाट आठवते. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही नावे त्याच्या लेखी केवळ स्थानकांची असतात. चाळीस-चाळीस वर्षे तो या नावांवरून लोकलने जातो. तेथे निवांतपणे काही पाहण्यासाठी उतरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. उतारवयात मात्र हिशेब बदलतो. लांबचा प्रवास शरीराला पेलत नाही, परक्या ठिकाणचा मुक्काम नकोसा होतो, औषधांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. अशा वेळी ही हाताशी असलेली स्थळे नव्याने भेटतात. सकाळी निघावे आणि संध्याकाळच्या आत घरी यावे, एवढ्याच मापाचे प्रवास. गेली तीन वर्षे आम्ही दोघे पती-पत्नी असे प्रवास करीत आहोत.

हे एकोणऐंशी वर्षांचे, मी चौऱ्याहत्तर वर्षांची. यांना स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी आम्हा घरच्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगितली. या आजारात बहुधा अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात. जुन्या, खोल रुजलेल्या आठवणी पुष्कळ काळ टिकून राहतात. सकाळी काय खाल्ले ते सांगता येणार नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा रविवार लख्ख दिसेल. म्हणून अशा माणसाला ऊठसूट "आठवतंय का?" असे विचारू नये. विचारणाऱ्याला तो साधा प्रश्न वाटतो. ज्याला विचारला जातो त्याच्यासाठी ती परीक्षा असते, आणि उत्तर आले नाही की तो मनातून खचतो. त्याऐवजी आठवण आपणच सांगायला घ्यावी आणि त्याला वाटेल तेथून तीत शिरू द्यावे. हा सल्ला घराच्या चार भिंतींत पाळणे कठीण जाते, कारण तिथे बोलायला निमित्तच उरत नाही. स्थळे ते निमित्त पुरवतात.

माहेरची वाट

माझे माहेर अंधेरीचे आणि सासर घाटकोपरचे. मुलुंडला आम्ही पुढे आलो. लग्नानंतरची पहिली काही वर्षे दर महिन्याच्या एका रविवारी आम्ही घाटकोपरहून बसने अंधेरीला जात असू. असल्फा, साकीनाका, मरोळ अशी वळणे घेत, गर्दीत उभ्याने. थोरली मुलगी यांच्या खांद्यावर झोपलेली असे.

८ जून २०१४ रोजी मुंबईतील पहिली मेट्रो याच वाटेवर धावू लागली. वर्सोवा ते घाटकोपर हे ११.४ किलोमीटरचे अंतर, १२ स्थानके, आणि सारा प्रवास सुमारे वीस-पंचवीस मिनिटांचा. स्थानकांत उद्वाहक आहेत, डबा थंड असतो, आणि मार्ग उंचावरून जात असल्याने खिडकीतून उपनगर चित्रासारखे उलगडत जाते. असल्फ्याच्या टेकडीवरची दाटीवाटीची घरे काही वर्षांपूर्वी निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगांनी रंगवली गेली. तीही गाडीतून दिसतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून सोपी सहल मिळणे अवघड. दुपारी अकरा ते चार या वेळात निघाले तर बसायलाही जागा मिळते.

पहिल्यांदा या गाडीत बसलो तेव्हा मी यांना काही विचारले नाही. खिडकीबाहेर पाहत, "आपण इथूनच बसने जायचो, तुमच्या खांद्यावर ताई झोपलेली असायची," एवढेच म्हणाले. हे बराच वेळ गप्प होते. मरोळ मागे पडल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, पोरीला उठव आता. अंधेरी आली."

मुलगी आज नाशिकला असते, तिची मुले महाविद्यालयात जातात. मी म्हटले, "उठवते." त्या क्षणी दुरुस्ती करण्यात काहीच हशील नव्हते. खांद्यावरचे ते ओझे यांना सुखाचे वाटत होते आणि चेहऱ्यावर ते दिसत होते.

वर्सोव्याला उतरून रिक्षाने समुद्रापर्यंत जाता येते. या किनाऱ्यावर कचऱ्याचे ढीग साचलेले असत. २०१५ पासून वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने नागरिकांनी आठवड्यामागून आठवडे तो उपसला, आणि मार्च २०१८ मध्ये येथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले दिसली. किनाऱ्याला लागूनच कोळीवाडा आहे. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात. तो वास अनेकांना सहन होत नाही, पण यांचे बालपण मालवणचे. गंधाचा आणि आठवणीचा मेंदूतील संबंध फार निकटचा असतो, असे म्हणतात. त्याचा प्रत्यय मी तेथे घेतला. वारा सुटला तसे हे आपल्या आईविषयी बोलू लागले. पावसाळ्यासाठी ती सुकी मासळी कशी भरून ठेवी, डब्याचे झाकण कापडाने कसे बांधी, हे सारे बारकाव्यांनिशी. पन्नास वर्षांच्या संसारात मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.

कान्हेरीचा ओटा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, यावरून कान्हेरी. काळ्या बसाल्टमध्ये कोरलेल्या शंभराहून अधिक गुंफा येथे आहेत आणि येथील भिक्षूंची वस्ती सुमारे हजार वर्षे नांदती होती. उद्यानाच्या दारापासून लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो. तेवढे चालणे आमच्या वयाला शक्य नाही, म्हणून वाहनाची चौकशी दारावरच करून घ्यावी. सोमवारी उद्यान बंद असते.

लेण्यांपाशी पायऱ्या आहेत. सगळी लेणी पाहण्याचा हट्ट धरू नये. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सुरुवातीलाच लागते आणि तेवढे पाहिले तरी दिवस सार्थकी लागतो. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळाशी हे चैत्यगृह निगडित आहे. व्हरांड्यात दोन्ही अंगांना बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंचीच्या मूर्ती उभ्या आहेत. दर्शनी भिंतीवर दंपतींची शिल्पे आहेत. अलंकार ल्यालेली, शेजारी शेजारी उभी राहिलेली ही जोडपी अठराशे वर्षे ऊनपाऊस सोशीत उभी आहेत. नाकडोळे झिजले आहेत, पण कोण कोणाच्या बाजूला उभे आहे ते अजून स्पष्ट दिसते.

कान्हेरीत ब्राह्मी लिपीतील अनेक शिलालेख आहेत. कल्याण, सोपारा अशा गावांच्या व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी दिलेल्या दानांच्या त्या नोंदी. कोणी गुंफा दिली, कोणी पाण्याची पोढी. काही लेखांत दाता आपल्याबरोबर बायको, मुले अशा घरच्यांचाही उल्लेख करतो; पुण्यात सर्वांचा वाटा असावा म्हणून. कुटुंबाची आठवण राहावी ही ओढ किती जुनी आहे, ते तेथे कळते.

मला मात्र तेथे सर्वांत जवळचा वाटतो तो दगडी ओटा. इथल्या पुष्कळ विहारांत भिंतीलगत खडकातच बसण्यासाठी ओटे कोरले आहेत. मुले लहान असताना आम्ही सासूबाईंना घेऊन कान्हेरीला आलो होतो. त्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. "तुम्ही या फिरून, मी इथंच बसते," असे म्हणून त्या एका ओट्यावर बसल्या आणि आम्ही वरपर्यंत जाऊन आलो. परत आलो तेव्हा त्यांनी डबा उघडून घावन काढून ठेवले होते. आता फिरून येणारे दुसरे असतात आणि ओट्यावर आम्ही दोघे बसतो. दगड भर दुपारीही गार असतो. समोर झाडांचा हिरवा उतार, मधूनच माकडांची झुंबड. मी घावनांची गोष्ट सांगते. हे प्रत्येक वेळी ती नव्याने ऐकतात आणि प्रत्येक वेळी विचारतात, "आई कुठं आहे?" मी म्हणते, "इथंच बसल्या होत्या." उत्तर खरे आहे आणि यांना ते पुरते.

खाडीकाठचे रोहित

मुलुंडच्या पूर्वेला मिठागरे आहेत आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. पूल ओलांडला की ऐरोली. हिवाळ्याच्या सुमारास या खाडीत रोहित पक्षी येऊ लागतात आणि साधारण मे महिन्यापर्यंत मुक्काम करतात. एका मोसमात त्यांची संख्या एक लाखाहून अधिक मोजली गेली आहे. २०१५ मध्ये खाडीचा हा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, समाविष्ट झाला. रोहितची पिल्ले राखाडी असतात. गुलाबी रंग अन्नातील शेवाळ आणि बारीक जीवांतून पुढे हळूहळू चढतो. चोच पाण्यात उलटी बुडवून ते चिखलपाणी गाळून खातात.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने पक्षी पाहता येतात. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरत असल्याने आधी विचारून जाणे बरे. तोल सांभाळणे ज्यांना कठीण जाते त्यांनी बोटीचा आग्रह धरू नये. आम्ही काठावरूनच पाहतो. दूरवर गुलाबी रेघ दिसते. मग ती रेघ उठते, वळते आणि पंखांखालचा गडद रंग क्षणभर उजळतो.

गेल्या फेब्रुवारीत असेच बसलो होतो. हे फार शांत होते. पक्षी उडून गेल्यावर माझ्याकडे पाहून अत्यंत अदबीने त्यांनी विचारले, "आपण कुठं राहता?"

या आजाराच्या वाटेवर हा प्रश्न एक दिवस येणार, हे मला ठाऊक होते. तो घरात, रात्री, अंधारात येईल अशी धास्ती मला होती. तो उन्हात आला, खाडीच्या वाऱ्यावर. मी म्हटले, "मुलुंडला."

"मीही मुलुंडलाच. मग सोबतच जाऊ."

आम्ही सोबतच आलो. रिक्षात बसताना त्यांनी नेहमीप्रमाणे माझा हात धरला. नाव विसरले तरी सवय विसरली नव्हती. घरी येऊन चहा घेतला तेव्हा मी पुन्हा त्यांची ओळखीची झाले होते. ही ओळख जाईल आणि येईल, पुढे जाण्याचे दिवस वाढत जातील. त्या दिवसांतही सोबत कोणी असावे, असे त्यांना वाटते, एवढे मला खाडीकाठी कळले. माझ्यासाठी ते थोडे नाही.

थोडी पूर्वतयारी

सोबत नेणाऱ्यांसाठी काही गोष्टी अनुभवाने सांगते. एका दिवसात एकच ठिकाण ठेवावे. आदल्या रात्री झोप नीट झाली नसेल तर बेत पुढे ढकलावा. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांना सायंकाळी बेचैनी वाढते, म्हणून दिवेलागणीच्या आत घरी पोचावे. ऊन तापायच्या आत मोकळ्यावरची स्थळे पाहावीत. पाणी थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा द्यावे, कारण वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. स्वच्छतागृह कोठे आहे ते पोचताच पाहून ठेवावे. पिशवीत औषधे, टोपी, नॅपकिन, कपड्यांचा एक जोड आणि ओळखीचा खाऊ असावा. रुग्णाच्या खिशात नाव आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड नेहमी असावे. हृदयविकार किंवा तोल जाण्याचा त्रास असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक. आमच्या सूनबाईने एक जाड वही आणून दिली. सहलीचे तिकीट, एखादे छायाचित्र आणि यांच्या तोंडचे एखादे वाक्य मी त्यात ठेवते. नातवंडे आली की वही चाळतात, आणि आजोबांपाशी बसायला त्यांना विषय मिळतो. "अंधेरी आली, पोरीला उठव" हे वाक्य वाचून माझी मुलगी बराच वेळ वडिलांच्या खांद्याला टेकून बसली होती.

स्थळ निवडताना प्रसिद्धीकडे पाहू नये. जेथे आपले कुटुंब एकदा सुखात बसले होते ती जागा निवडावी. मग ती एखादी बाग असो, देवळाचा पार असो किंवा बसचा जुना रस्ता असो. शक्यतो तासाभरात पोचता येईल अशी असावी. तेथे जाऊन शेजारी बसावे आणि गोष्ट आपण सुरू करावी. ती कोठून पुढे न्यायची ते त्यांना ठरवू द्यावे.