वाय-फाय कार्डाची हकीकत



या सत्रात आपल्या शाळेच्या कम्प्युटर खोलीतल्या सात डेस्कटॉपना आपण बिनतारी जोडणीचे कार्ड, म्हणजे वाय-फाय कार्ड बसवले. काम तसे लहान. पण कार्यकारिणीच्या दोन बैठकांत त्यावर बोलणे झाले आणि काही पालकांनी फाटकाशीच विचारले, "मॅडम, हे कशाला? आता तर सगळे मोबाइलवरच होते." म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे नववीचे मंडळाचे नामांकन, समग्र आयडी, यू-डायसची माहिती, शिष्यवृत्ती, सारे काही ऑनलाइन भरावे लागते. शाळेत इंटरनेटची लाइन होती ती फक्त कार्यालयात, एका कम्प्युटरला. शेवटची तारीख जवळ आली की पोर्टल मुंगीच्या पावलाने चालते, आणि मग आमचे लिपिक काका मुलांचे कागद पेन ड्राइव्हमध्ये घालून बाहेरच्या एका दुकानात जात. वर्षानुवर्षे हेच चालू होते. एके दिवशी नववीतल्या एका मुलीचे वडील मला भेटले. ते स्वतःच्या कामासाठी त्याच दुकानात गेले होते. समोरच्या पडद्यावर आपल्या शाळेच्या नावाचे फोल्डर उघडे होते आणि त्यात त्यांच्या मुलीचे आधार कार्ड, फोटो, जन्मतारखेचा दाखला आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान. दुकानदाराचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. त्याच्याकडे दिवसभर गर्दी असते, पुसायला वेळ कुणाला? पण त्या खुर्चीवर येणाऱ्या कुणालाही ते सगळे एका क्लिकवर घेता आले असते. ते गृहस्थ रागावले नव्हते, हळू आवाजात बोलत होते, आणि त्यामुळेच मला जास्त लागले. त्याच आठवड्यात ठरले की मुलांचे कागद शाळेच्या भिंतीबाहेर जायचे नाहीत. सातही डेस्कटॉपवर नेट हवे.

आता तार का नाही टाकली? टाकली होती. आपली इमारत जुनी, चौकाच्या एका बाजूला कार्यालय आणि दुसऱ्या बाजूला कम्प्युटर खोली. गच्चीवरून नेलेली केबल माकडांनी दोनदा तोडली. उज्जैनच्या माकडांशी भांडून कुणी जिंकल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. खालून न्यायची तर विटा-चुन्याच्या हातभर रुंद भिंती फोडाव्या लागणार. एका विक्रेत्याने सरळच सांगितले, "मॅडम, या जुन्या पेट्या भंगारात द्या, नवीन घ्या." त्याने दिलेले अंदाजपत्रक मी कार्यकारिणीपुढे ठेवले, आणि अध्यक्षांनी ते वाचून चष्मा काढून ठेवला. माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेली ही यंत्रे चौदा-पंधरा वर्षांची आहेत खरी, पण फॉर्म भरायला आणि मुलांना टायपिंग शिकायला चांगली चालतात. उणीव एकच, त्यांच्यात वाय-फाय नाही. लॅपटॉपमध्ये ते आतच असते, जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा नसते.

उपाय दोन प्रकारचे. एक, यूएसबीच्या खाचेत खोचायचा छोटा डोंगल. दुसरा, पेटी उघडून मदरबोर्डवर बसवायचे कार्ड. कार्डाला मोठे अँटेना लावता येतात आणि ते कुणी खिशात घालून नेऊ शकत नाही, ही शाळेच्या दृष्टीने मोठी सोय. मात्र विकत घेण्याआधी पेटी उघडून खाच बघावी. जुन्या बोर्डांवर पीसीआय नावाची लांब पांढरी खाच असते, नंतरच्या बोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेसची बोटाच्या पेराएवढी आखूड खाच. एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही. आपल्या सातांपैकी पाचांत आखूड खाच निघाली, तिथे कार्ड. उरलेल्या दोघांना डोंगल. आपली लाइनच मंद आहे, म्हणून महागातले कार्ड घेतले नाही. नळाला पाणी बारीक असताना मोठी बादली लावून उपयोग काय?

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. आमच्या पुस्तकात 'बेतार' होते, घरी आजोबा 'बिनतारी' म्हणत, आणि दोन्ही शब्दांनी डोळ्यांपुढे पोलिसांची जीपच येई. मुलांना मी सांगितले की ही विद्या आपल्याला परकी नाही. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर प्रयोग करून अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पोहोचवल्या, तिकडे घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. वाय-फायचे पहिले मानक १९९७ सालचे, वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये तो ११ वर गेला आणि वाय-फाय हे नावही त्याच वर्षी ठेवले गेले. त्याचे पूर्ण रूप काय, असा प्रश्न सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत येतो. खरे तर ते नाव केवळ कानाला बरे वाटावे म्हणून एका नामकरण कंपनीकडून घेतले होते. आणि आपल्या देशात २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरायची मोकळीक जानेवारी २००५ मध्ये मिळाली. आज गल्लीतल्या प्रत्येक घरात जे डबडे लुकलुकते ते त्या एका अधिसूचनेमुळे.

कार्ड बसवायला मेकॅनिक बोलावला नाही. एका शनिवारी संगणकाचे सर आणि नववी-दहावीची अकरा मुले-मुली बसली. आधी वीज बंद, नुसते बटण नाही तर पिनच काढायची. मग पेटीच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच वीज, चिप मारायला तेवढीही पुरते. पेचकसने बाजूचे झाकण उघडले तर आतून इतकी धूळ निघाली की पहिला अर्धा तास ब्रश मारण्यातच गेला. मागची पट्टी काढून कार्ड खाचेवर सरळ धरायचे आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखे दाबायचे. 'टक्' असे बसते. तिरके दाबले तर काम बिघडते. एक स्क्रू, वरून अँटेना, झाकण बंद. पहिल्या कार्डाला पाऊण तास लागला, पाचव्याला दहा मिनिटे. पाचवे कार्ड दोन मुलींनी कुणाचीही मदत न घेता बसवले.

खरी गंमत पुढे. कार्ड बसले म्हणून कम्प्युटर त्याला ओळखतो असे नाही. त्यासाठी ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो. तीन यंत्रांनी कार्ड आपोआप ओळखले, दोघांनी तोंड फिरवले. ड्रायव्हर कार्डाबरोबरच्या सीडीत, आणि आपल्या यंत्रांचे सीडी ड्राइव्ह केव्हाच गेलेले. ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवावा, तर इंटरनेट येण्यासाठीच ड्रायव्हर हवा! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातलाच प्रकार. सरांनी आपला मोबाइल चार्जिंगच्या तारेने यंत्राला जोडला आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेथरिंग चालू केले. मोबाइलचे नेट तारेतून कम्प्युटरला मिळाले. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या चिपचा क्रमांक बघून कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून ड्रायव्हर घेतला. 'मोफत ड्रायव्हर' म्हणून भलत्याच साइटी पुढे पुढे करतात, त्यांच्या नादी लागू नये.

यानंतर पडद्यावर आसपासच्या जाळ्यांची यादी आली आणि मुले खो-खो हसली. महाकाल लोक २०२२ साली झाल्यापासून आपल्या भागात घराघरांत यात्रेकरूंसाठी खोल्या निघाल्या आहेत आणि प्रत्येकाचे वाय-फाय. 'जय महाकाल', 'जय महाकाल २', 'जय श्री महाकाल ऊपरवाला कमरा'! मोजली तर बावीस जाळी. २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच धरतात, १, ६ आणि ११. बहुतेक शेजारी ६ वर होते, म्हणून आपण ११ घेतले. ५ गीगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, पण त्या लहरी जाड भिंतीपुढे लवकर हात टेकतात, तेव्हा आपल्या इमारतीत २.४ च बरे. राउटर कार्यालयातल्या लोखंडी कपाटामागून काढून ओसरीच्या खिडकीत ठेवला. तेवढ्याने निम्मे काम झाले. डेस्कटॉपचे अँटेना मात्र पेटीच्या मागे, भिंत आणि पत्रा यांच्या सांदीत अडकतात. दोन यंत्रांना चुंबकाच्या बुडाचे, तारेने लांब नेता येणारे अँटेना घेतले आणि ते टेबलावर उभे केले. एक शोध मुलांनी लावला. मधल्या सुट्टीत नेट अडखळते, कारण स्टाफ रूममध्ये साबुदाण्याची खिचडी गरम होत असते. मायक्रोवेव्हही २.४५ गीगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. खिचडी बंद करण्याचा अधिकार प्राचार्यांना नाही, म्हणून फॉर्म भरायची वेळ बदलली.

एवढे करूनही सोमवारी सकाळी तीन यंत्रांवर पोर्टल उघडेना. वाय-फायच्या खुणेवर पूर्ण रेघा, जोडणी पक्की, आणि साइट म्हणते 'सुरक्षित नाही'. सरांनी ड्रायव्हर पुन्हा टाकला, राउटर बंद-चालू केला. तेव्हा एक नववीतली मुलगी मागून म्हणाली, "सर, यात तर २०१० चालू आहे." खरेच, कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१०. प्रत्येक सुरक्षित साइटला एक प्रमाणपत्र असते आणि त्याला मुदत असते. आपला कम्प्युटर २०१० मध्ये बसलेला, त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही, मग तो विश्वास कसा ठेवणार? मदरबोर्डवर रुपयाएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२. ती संपली की रात्री मेन स्विच बंद केल्यावर यंत्राचे घड्याळ मूळपदावर जाते. नवीन बॅटऱ्या टाकल्या, तारीख हाताने घातली, पोर्टल उघडले.

महाकाळाच्या नगरीत काळच चुकावा, याचे मला हसू आले. जुन्या ज्योतिषग्रंथांतली मध्यरेखा आपल्या उज्जैनवरून जाते. आज सगळे यंत्र मानतात ती भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि आपला स्थानिक काळ तिच्यामागे सुमारे २७ मिनिटे. जयसिंहांच्या वेधशाळेत सम्राट यंत्रावर सावली बघितली की हा फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. ती वेधशाळा मोडकळीला आली होती. माधवराव शिंद्यांच्या काळात, १९२३ साली, गोविंद सदाशिव आपटे यांच्या पुढाकाराने ती पुन्हा उभी राहिली. ज्या मुलीने तारीख ओळखली तिला सहलीत तिथे माहिती सांगायचे काम दिले आहे.

शेवटी कुलूप-किल्लीचे. पेन ड्राइव्ह दुकानात नेणे थांबवले आणि वाय-फाय उघडे ठेवले तर काय मिळवले? वेप नावाची जुनी संरक्षण पद्धत २००१ सालीच फुटली होती. आपण २००४ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-२ ठेवली आहे, कारण जुन्या डोंगलना तीच चालते. राउटरचा मूळचा पासवर्ड बदलला. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे केले, त्यावरून कार्यालयाच्या फाइली दिसत नाहीत. पासवर्ड शाळेचे नाव किंवा फोन नंबर नाही, एवढेच सांगते. फॉर्म भरून झाला की स्कॅन पुसायचे आणि वहीत सही करायची. लिपिक काकांना आधी हे जाचक वाटले. आता तेच इतरांच्या सह्या तपासतात.

एक काम राहिले आहे. या यंत्रांवरच्या विंडोज १० चे मोफत सुरक्षा अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ ही यंत्रे पेलणार नाहीत. दहावीची मुले एका यंत्रावर लिनक्स घालून बघत आहेत. वाय-फाय कार्ड तिथे लगेच चालले, डोंगल अजून रुसलेला आहे. कुणा माजी विद्यार्थ्याला यातले कळत असेल तर शनिवारी दुपारी यावे, चहा शाळेचा.

नववीच्या पालकांना विनंती: नामांकनासाठी मूळ कागद घेऊन शाळेतच यावे. झेरॉक्स आणू नये. तुमच्यासमोर फॉर्म भरला जाईल, तुम्ही पडद्यावर नावाचे स्पेलिंग तपासाल आणि कागद तेव्हाच परत मिळतील.

आपली,
प्राचार्या