चालत नाही

प्रवासातल्या खाण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. शिदोरी आहे, दशमी आहे, लोककथांतले भूकलाडू-तहानलाडू आहेत, फराळ आहे आणि लहानांचा खाऊ आहे. यांतही शिदोरी या शब्दाला एक वेगळा जिव्हाळा आहे, कारण ती कोणीतरी कोणासाठी तरी बांधून दिलेली असते. विकत घेतलेल्या खाण्याला आपण शिदोरी म्हणत नाही. वाटेत पावलोपावली खाण्याची सोय झाल्यावर हा शब्द व्यवहारातून मागे सरला आणि ‘अनुभवांची शिदोरी’, ‘विचारांची शिदोरी’ अशा लाक्षणिक प्रयोगांपुरता उरला. आमच्या घरात मात्र तो पुन्हा वाच्यार्थाने वावरू लागला, आणि त्याला निमित्त झाली एक व्याधी.

आमच्या मुलीला सीलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की अशा माणसाची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर झिजतात. ग्लूटेन जन्मभर वर्ज्य करणे हाच यावरचा उपचार. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धातल्या १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा देश उपाशी असताना ही मुले मात्र सुधारत असल्याचे दिसले. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. उपासमारीने काही मुलांना जीवदान द्यावे, हा इतिहासातला विरोधाभास आम्हांला आजही अस्वस्थ करतो.

घरातला बदल फारसा जड गेला नाही. देशावरची भाकरी आणि कोकणातला भात यांवर पिढ्या पोसल्या गेल्या. गव्हाची पोळी रोजच्या ताटात सर्वत्र आली ती पुष्कळ नंतर. अडचण सुरू होते ती उंबरठा ओलांडल्यावर. एसटीच्या कॅन्टीनमध्ये किंवा महामार्गावरच्या फूड मॉलमध्ये जे चटकन हाती पडते त्यात पाव, सामोसा, खारी, टोस्ट, बिस्किटे हेच फार. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. नाचणीची बिस्किटे तर आता कुठेही दिसतात. पण पुड्यावर नाचणीचे कणीस छापलेले असले, तरी मागच्या बारीक अक्षरांत पुष्कळदा मैदा किंवा कणीक असते. वाचनाचा व्यवसाय असलेल्या आम्हांला संहितेचे इतके सूक्ष्म वाचन कोणत्याही समीक्षापद्धतीने शिकवले नव्हते.

तरी पुड्यावर निदान अक्षरे असतात. खरा पेच आहे तो हिंगाचा. शुद्ध हिंग इतका उग्र की तो तसाच वापरणे कठीण. म्हणून डिंक आणि पीठ मिसळून बांधानी हिंग तयार करतात, आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. त्यामुळे बेसनाचा वडा, तांदळाच्या इडलीबरोबरचे सांबार, पोह्यांची फोडणी, चिवडा, लोणचे यांतले काहीच डोळे मिटून घेता येत नाही. याच्या नेमकी उलट गंमत कोकणातून परतताना अनुभवास येते. आंबापोळी आणि फणसपोळी यांच्या नावात पोळी असून गव्हाचा लवलेशही नाही! पदार्थाचे नाव आणि पदार्थाचे सत्य यांतले हे अंतर आमच्या मुलीला फार लहानपणी कळले.

अशा वेळी आधार वाटतो तो उपासाच्या पदार्थांचा. राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, वरीचे तांदूळ, शिंगाड्याचे पीठ, साबुदाण्याची खिचडी. यांत गहू नाही आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे उपासाला हिंगही वर्ज्य. ‘फलाहार’ या शब्दाचा ‘फराळ’ झाला आणि फळे मागे पडली, हे भाषेच्या अभ्यासकांना ठाऊकच आहे. त्या घसरणीत आमच्या मुलीची सोय झाली. साबुदाणावडा मात्र बटाटावड्याच्याच कढईत तळला आहे का, हे विचारावे लागते.

आणि इथेच एक नाजूक प्रश्न उभा राहतो. ‘हिला गहू चालत नाही’ असे म्हटले की समोरून उत्तर येते, ‘थोड्यानं काय होतंय?’ ‘हिचा उपास आहे’ म्हटले तर तोच माणूस आपण होऊन वेगळे तेल तापवतो. व्रतातला नकार आपल्या समाजाला पूज्य वाटतो. व्याधीतल्या नकाराचे वाजवी पथ्य होते किंवा ते शहरी फॅड ठरते. देवासाठी ‘थोडेसे’ही मोडायचे नसते हे सर्वांना मान्य आहे, शरीरासाठी तसेच असू शकते हे पटवावे लागते. ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असू नये, अशी आपल्या अन्नसुरक्षा नियमांतली मर्यादा आहे. ‘थोडे’ या शब्दाची इतकी काटेकोर व्याख्या आमच्या ऐकण्यात दुसरी नाही.

उपासाचे निमित्त सांगणे सोयीचे, निरुपद्रवी, आणि तरीही आमच्या मुलीला ते मान्य नाही. ‘मी उपास करत नाही, आई. मी आजारी आहे असं सांगितल्यावर का नाही ऐकत?’ असे ती विचारते. आम्हां दोघांचे यावर एकमत नाही. एकाला वाटते, भुकेल्या मुलीने वाटेवर समाजसुधारणा करू नये. दुसऱ्याला वाटते, जिला हे जन्मभर सांगायचे आहे तिने ते खऱ्या नावानेच सांगावे. दरम्यान ती विचारत राहते, उत्तर समाधानकारक नसेल तर केळी घेते आणि फुटाणे खाते.

आता ती महाविद्यालयाच्या सहलींना एकटी जाते. तिच्या डब्यात ज्वारीची दशमी, तिळाची चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू असतात. ते मैत्रिणींना आवडतात व लवकर संपतात. मात्र तिला त्यांच्या डब्यात हात घालता येत नाही. गोपाळकाल्याची कथा आपण सारे ऐकत आलो: सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, एकत्र कालवल्या आणि कोणाचे काय हे उरले नाही. पोहे, ज्वारीच्या लाह्या, दही, यांतले सगळे तिला चालते. पण त्यात वरून लोणचे घालतात, आणि त्या लोणच्यात कोणता हिंग आहे हे काला वाटणाऱ्याला विचारण्याची आपल्याकडे रीत नाही.