सही जुळत नाही

बँकेतल्या माणसाला दोनच गोष्टी कळतात, असं आमच्या हिचं मत आहे. एक बेरीज आणि दुसरी सही. त्यातली बेरीज हल्ली संगणक करतो. उरली सही. स्लिपवरची सही आणि नमुन्याची सही यांत एका वेलांटीचा फरक असला तरी तो मला दिसतो. एरवी समोरून सख्खा मेहुणा गेला तरी दिसत नाही. ही नजर मला बी. कॉम.नं दिलेली नाही. ती दिली आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी.

गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा व्हायला 1999 चा महाराष्ट्र दिन उजाडावा लागला. शाळेत ड्रॉइंगचे आठवड्याला दोन तास, आणि तेही गणिताच्या सरांनी मागून नेले नाहीत तर! म्हणून सर रविवारी सकाळी एलिमेंटरी ग्रेड परीक्षेचा जादा वर्ग घेत. फुकट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन. माणसाचा चारी बाजूंनी अपमान करण्याची ही शासकीय सोय आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

वस्तुचित्राला टेबलावर तांब्या आणि शेजारी दोन वांगी. वांगी मला जमत. वांग्याला काय, कसंही काढलं तरी ते वांगंच. पण तांब्या हटकून डावीकडे कलायचा. सर मागे येऊन उभे राहत. म्हणत, "बाळ, हा तांब्या आहे की नर्सीच्या दिंडीत नाचणारा वारकरी? आधी मध्यरेषा ओढ. मग उजवीकडे जेवढं, तेवढंच डावीकडे." पुढे कॉलेजात पहिल्यांदा ताळेबंद पाहिला तेव्हा मी चकितच झालो. मधोमध रेघ आणि दोन्ही बाजू सारख्या. हा तर सरांचा तांब्या!

पोळ्याच्या आधी मातीकाम असे. आमच्याकडची काळी माती कापसाला चांगली, बैलाला वाईट. माझा बैल दुसऱ्या दिवशी चार पाय चार दिशांना टाकून बसलेला. सर शांतपणे म्हणाले, "बैलाची चूक नाही. तू माती मळायचा कंटाळा केलास."

एलिमेंटरीला मला 'क' श्रेणी मिळाली. घरी पेढे वगैरे काही नाही. वडील म्हणाले, "ड्रॉइंगनं पोट भरतं का?" इंटरमिजिएटची फी द्यायला त्यांनी साफ नकार दिला. सरांनी काही न बोलता ती स्वतःच्या खिशातून भरली. आणि ऐन परीक्षेच्या दिवशी मी गेलोच नाही. वडिलांची भीती होती हे खरं, पण तांब्याची त्याहून जास्त होती. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, ताप आला होता. सर "बरं" म्हणाले. त्या 'बरं'चं व्याज माझ्या खात्यावर आजतागायत चढत होतं.

गेल्या नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यांच्या गर्दीत, काउंटरवर एक स्लिप आली. मी सवयीनं मान वर न करता म्हणालो, "आजोबा, सही जुळत नाही."

"पुन्हा काढतो," पलीकडून आवाज आला.

सही लोक करतात. काढतो म्हणणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटलेला. मान वर केली. सरच होते. हात थरथरत होता. फळ्यावर कंपासशिवाय एका दमात वर्तुळ काढणारा तो हात. आणि त्या हाताला नापास करणारा कोण, तर 'क' श्रेणीवाला!

दुसरी सही जुळली नाही. तिसरीही नाही. मागची रांग खाकरायला लागली. आमचे साहेब आतून म्हणाले, "अंगठा घ्या, दोन साक्षीदार घ्या, विषय संपवा." नियमात बसत होतं. सरांनी अंगठ्याकडे पाहिलं आणि हसले. "पोरांना जन्मभर सांगितलं, कागदावर बोटं उमटू देऊ नका."

मी उठलो, नव्या नमुना-सहीचा फॉर्म आणला, सरांना आत खुर्ची दिली. चौकटीत पेन्सिलनं एक फिकट आधाररेषा ओढली. सरांनी ती चष्म्यातून बारकाईनं पाहिली.

"सरळ आलीय," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "सर, त्या परीक्षेच्या दिवशी मला ताप नव्हता."

"माहीत आहे," सर सही काढता काढता म्हणाले. "ताप आलेला मुलगा संध्याकाळी मैदानावर क्रिकेट खेळत नाही. मी सायकलवरून जात होतो."

तीस वर्षांचं खातं एका वाक्यात बंद झालं.

माझी मुलगी यंदा इंटरमिजिएटला बसतेय. 'अ' श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण वाढतात, हा हिशेब घरात मीच मांडला होता. परवा ती चित्र दाखवत म्हणाली, "बाबा, तांब्या कललाय का हो?" कलला होता. डावीकडेच. आनुवंशिकता म्हणतात ती हीच! मी गुणांचं काही बोललो नाही. म्हटलं, "मध्यरेषा ओढ. मग बघू."

सरांची थरथरती सही आता आमच्याकडे नमुना म्हणून आहे. पुढच्या वेळी ती जुळेलच असं नाही. नाही जुळली तर पुन्हा नवा नमुना घेऊ. चार कोरे फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवलेत, आणि शेजारी टोक केलेली पेन्सिल.