ऊन दारातच अडवावे

आमची मोटार २००७ सालची. तिच्यात वातानुकूलन आहे. पण ते व्याकरणातल्या सहायक क्रियापदासारखे! नुसते असते, अर्थ दुसऱ्यानेच सांभाळायचा.

गेल्या वर्षी मे महिन्यात नागपूरला आत्याकडे जाऊन भर दुपारी अमरावतीला परतत होतो. कोंढाळीजवळ आरशात पाहिले, तो मागे बसलेल्या नानांची मान कलंडलेली. झाडाखाली उतरवून ओल्या पंचाने तोंड पुसले, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. त्यानंतर वर्षभर त्यांनी मोटारीत पाऊल ठेवले नाही.

यंदा एप्रिलात आत्याने अंथरूण धरले. नाना म्हणाले, "थंडी पडली म्हणजे जाऊ." तेवढा अवधी आत्याला नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. नवी मोटार घ्यावी, तर थोरलीच्या इंजिनिअरिंगची फी आडवी येत होती.

आजवर दर उन्हाळ्यात मी इमानाने गॅस भरून घेत असे. महिनाभर गारवा, पुन्हा भट्टी! यंदा कॉलेजमागच्या गल्लीतल्या एका तरुण मिस्त्रीला गाठले. तो हसला. "सर, गॅस काय पेट्रोल आहे, जळून संपायला? तो आतल्या आत फिरतो. कमी झाला म्हणजे गळला." नळीच्या सांध्यावरचा तेलकट डाग त्याने दाखवला. दोष एका रबरी कडीचा होता!

मग रेडिएटरपुढची जाळी त्याने हलक्या धारेने धुतली. आतली उष्णता तिथूनच बाहेर पडायची, आणि तिथे तर किडे नि धूळ गच्च बसलेली. पुढची गंमत और होती. हीटरची तार सैल पडल्यामुळे इंजिनातले गरम पाणी बारा महिने हीटरमध्ये खेळत होते. म्हणजे एका हाताने विस्तव फुंकायचा नि दुसऱ्याने पंखा घालायचा! शेवटी त्याने एक खटका सरकवला. 'ताजी हवा हवी' म्हणून बाहेरची हवा आत घेण्याचा माझा हट्ट होता. त्यापायी बिचारे यंत्र पंचेचाळीस अंशांची हवा पुनःपुन्हा गार करीत बसे.

राहिल्या काचा. ऊन काचेतून आत शिरते, आसने तापवते. त्यांची उष्णता मात्र सहजी बाहेर पडत नाही. यावर उपाय नानांनीच काढला. मोटार उभी केली की पुढच्या काचेवर बाहेरून पांढरा पंचा पसरायचा, त्यावर वायपर टेकवायचे. "ऊन दारातच अडवावे, आत आल्यावर त्याच्याशी भांडू नये!" निघण्यापूर्वी चारही दारे पाच मिनिटे सताड उघडी ठेवायची, हीही त्यांचीच आज्ञा.

पहाटे निघालो. आत्याने नानांचा हात धरून ठेवला, तो दुपारपर्यंत सोडला नाही. दोघे फारसे बोललेच नाहीत.

परतताना कोंढाळी आली. आरशात पाहिले. नानांची मान पुन्हा कलंडलेली! माझा पाय ब्रेकवर गेला.

"थांबतोस कशाला?" मागून आवाज आला. "ते जरा कमी कर. थंडी वाजते." आणि त्यांनी तोच पंचा अंगाभोवती लपेटून घेतला.

आत्या श्रावणात गेली. दिवाळी आली, थंडी अजून पडायची आहे.