पुढचा एक्सल

गेले दोन महिने आमची गाडी वळताना आवाज करत होती. पार्किंगमधून निघताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवून जरा ॲक्सिलरेटर दिला की कट् कट् कट् कट्. सरळ रस्त्यावर अगदी गुणी बाळ! 2005 ची कोरोला, माझ्याकडे आली तीच सेकंडहँड. न्यू जर्सीचे हिवाळे आणि रस्त्यावरचं मीठ खाऊन तिचं पोट तांबूस झालंय.

वाकून पाहिलं तर डाव्या चाकामागचा रबरी बूट फाटलेला आणि काळं ग्रीस आजूबाजूला सगळीकडे उडालेलं. म्हणजे आतल्या छर्‍यांना महिनोन् महिने ग्रीसऐवजी वाळू मिळत होती. गॅरेजवाल्याने पाचशे डॉलरच्या वरचा आकडा सांगितला. दुकानात अख्खा एक्सल शंभराच्या आत मिळत होता. शिवाय इकडे बरीच दुकानं डिपॉझिट घेऊन हत्यारंही घरी नेऊ देतात. म्हटलं, आपणच करू. हिने फक्त भुवया उंचावल्या.

खरं कारण वेगळंच होतं. बाबा आलेत सध्या. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस सहा महिने अपार्टमेंटच्या खिडकीत बसून खारी मोजतोय. त्यांच्यासाठी काहीतरी हवं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लहानपणी बाबांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. नववीत असताना एकदा मी त्यांच्या पेटीतला पाना घेऊन सायकल खोलायला बसलो, तर काही न बोलता तो माझ्या हातातून काढून घेतला आणि त्या जागी गणिताचं पुस्तक ठेवलं. (त्या पुस्तकाच्या जोरावरच आज इथे बसून दुसर्‍यांच्या कोडमधले ढेकूण मारतोय, त्यामुळे तक्रार नाही.) असो.

आमच्या अपार्टमेंटच्या करारात गाडी दुरुस्त करायला बंदी आहे, म्हणून शनिवारी सकाळी एका मित्राच्या ड्राइव्हवेत डेरा टाकला. जाताना बाबांना कट् कट् ऐकवलं. "ऐकलंत?" "हो हो," ते म्हणाले.

मी जॅक लावून गाडी उचलली आणि थेट खाली वाकलो, तर पाठीत धपाटा बसला. "आधी घोडी लाव." जॅक उचलायला असतो, गाडी पेलायला नाही, हे मॅन्युअलमध्ये मी दोनदा वाचलेलं होतं. वाचलेलं आणि पाठीवर बसलेलं यात फरक असतो.

घोडी लावून काम सुरू झालं, पण बाबा जरा बिचकलेले दिसत होते. शेवटी म्हणालेच, "पुढच्या चाकाला एक्सल म्हणजे आमचं काम नाही रे. आमची सगळी ताकद मागे." एसटीच्या बसमध्ये मधून लांब प्रोपेलर शाफ्ट जातो आणि त्याला क्रॉस असतात. बाबा म्हणाले, शाफ्ट खोलताना खुणेवर खूण घालूनच परत जोडायचा, नाहीतर बस थरथरते. ते का, हे मला कॉलेजात समीकरणांनी शिकवलं होतं. तिरका क्रॉस एका फेर्‍यात दोनदा वेग कमीजास्त करतो, आणि दुसरा क्रॉस बरोबर बसवला तर तो चढउतार पुसून टाकतो. पुढच्या चाकाला मात्र फिरायचं असतं आणि वळायचंही असतं, तिथे एकटा क्रॉस चालत नाही. म्हणून सहा छर्‍यांचा सांधा, आल्फ्रेड झेप्पा नावाच्या फोर्डमधल्या इंजिनियरने 1920 च्या दशकात काढलेला. कितीही वळवा, वेग दोन्हीकडे सारखाच. बाबांनी ऐकून घेतलं, नवीन एक्सल हातात धरून मनगटासारखा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "डोकं लावलंय."

चाकाच्या मधला मोठा नट 30 एमएमचा. तो सैल होऊ नये म्हणून त्याची कड खाचेत ठोकलेली असते, ती आधी छिन्नीने उचलली. मग ही ब्रेकवर पाय देऊन बसली, मी गोटी लावून पान्याला लांब पाइप अडकवला आणि अक्षरशः लटकलो. एक मोठा 'टक्' झाला. मला वाटलं काहीतरी तुटलं. नट सुटला होता.

खालचा बॉल जॉइंट सोडवणं, एक्सल हबमधून ठोकून काढणं, गिअरबॉक्सकडचं टोक पहारीने उचकटणं, त्यातून ट्रेमध्ये पडलेलं लालसर ऑइल... यात तीन तास गेले. नवीन एक्सल गिअरबॉक्समध्ये काही केल्या बसेना. टोकाची बारीक क्लिप खाली लोंबून अडत होती. बाबांनी बोटभर ग्रीसने ती मधोमध चिकटवली आणि म्हणाले, "आता ढकल." खट्! गेला आत.

मग ते झालं. बॉल जॉइंट परत आर्ममध्ये बसवायचा होता. बाबा पाइपने आर्म खाली दाबून धरणार आणि मी भोकं जुळवणार. माझं बोट मध्ये असतानाच त्यांनी जोर कमी करायला सुरुवात केली. मी ओरडलो, "थांबा!" ते थांबले नाहीत. "बाबा, थांबा!" हिने धावत येऊन त्यांचा हात धरला. नखाखाली रक्त साकळलं, बाकी काही नाही.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्या मागून, चाकाच्या आडून बोलत होतो. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

दर रविवारी फोनवर "हो हो" म्हणणारे बाबा. टीव्हीचा आवाज. सकाळचं "ऐकलंत?" सगळं एकदम उलगडलं. मला वाटायचं, त्यांना फोनवर बोलायचा कंटाळा येतो. चिडायचोसुद्धा.

"किती दिवस?" मी समोर जाऊन विचारलं.

"निवृत्तीच्या आधीपासून," ते म्हणाले. "तिथे काय ऐकायचं असतं? सगळे हातानेच बोलतात." आणि मला खुणा दाखवल्या. मूठ म्हणजे धर, उघडा पंजा म्हणजे सोड, बोट फिरवलं की आवळ. पुढचं सगळं काम आम्ही तसंच केलं. एकही शब्द न बोलता दहा मिनिटांत आर्म बसला.

शेवटी हबचा नट. मला वाटलं, आता बाबा हाताच्या अंदाजाने आवळणार. त्यांनी टॉर्क रेंचकडे बोट दाखवलं. "हत्यार आहे ना? मग अंदाज कशाला?" 216 न्यूटन-मीटर. मी आवळला, त्यांनी परत तपासला, आणि मगच कड ठोकली.

संध्याकाळी शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गेलो. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, एक गोल चक्कर. आवाज नाही. मी आनंदाने वळून बघितलं, तर बाबांनी डोळे मिटून एक तळवा डॅशबोर्डवर आणि दुसरा दाराच्या पत्र्यावर ठेवला होता.

त्यांनी हवेत बोट फिरवलं. आता डावीकडे.