अण्णांची न्याहारी

माझे सासरे, म्हणजे आमचे अण्णा, पोस्टातून निवृत्त झालेले. पंच्याहत्तरीनंतर दात गेले, कवळी बसली आणि जन्मभराची ज्वारीची भाकरी ताटातून उठली. तिच्या जागी मऊ, पचायला हलकं म्हणून जे जे लोक देतात ते आमच्याही घरात आलं. दुधात भिजवलेले कॉर्नफ्लेक्स, रव्याचा उपमा, चहात बुडवलेला टोस्ट, नाचणीचं सत्त्व. हळूहळू पोट साफ व्हायचंच थांबलं. पोट फुगायचं, जेवण नकोसं व्हायचं, स्वभावाने शांत असलेला माणूस नातवावर खेकसायचा. रात्री रेचक घ्यायचं, सकाळी कळा सोसायच्या, पुढचे दोन दिवस पुन्हा तेच. म्हातारपणाचं हे दुःख कुणी उघड बोलत नाही, पण ज्याच्या घरात आहे त्यालाच कळतं की अख्खा दिवस त्यावर कसा टांगलेला असतो.

सोलापुरात एका पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी दुर्बिणीने आतडं तपासलं, थायरॉइड पाहिलं, गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी बद्धकोष्ठ वाढवते, हे मला तिथे कळलं. त्यातली एक त्यांनी बदलून दिली. मग विचारलं, "सकाळी काय खातात?" मी यादी सांगितली. ते म्हणाले, "हे सगळं लहान आतड्यातच संपतं. मोठ्या आतड्याच्या वाट्याला काय उरतं?"

तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. मी वाचू लागले. आपण पचवू शकत नाही असा धान्यातला तंतुमय भाग मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जिवाणू त्यावर जगतात. ते तो आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशींना बरीचशी ऊर्जा त्या ब्युटिरेटमधूनच मिळते. शौचाचा कोरडा भाग पाहिला तर त्यातही जिवाणूंचा वाटा मोठा असतो. म्हणजे त्यांची उपासमार झाली की पोट साफ होण्यासाठी लागणारा ऐवजच कमी पडतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यात 100 ग्रॅम ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा अख्ख्या गव्हात तंतू साधारण 10 ते 11.5 ग्रॅम आहेत. मैद्यात आणि पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमही भरत नाहीत. अण्णांची सकाळ नेमकी या दुसऱ्या रांगेतली होती. सगळ्यात जास्त चुटपूट लागली ती नाचणी सत्त्वाची. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाटायची आणि फडक्यातून गाळायची. तळाला बसतो तो पांढरा साका म्हणजे सत्त्व. फडक्यात उरलेला चोथा आपण टाकून देतो आणि अण्णांना हवं होतं ते त्या चोथ्यात होतं. लहान बाळाला गाळलेलं ठीक आहे, त्याचं आतडं कोवळं असतं. बद्धकोष्ठाच्या म्हाताऱ्या माणसाला नाचणीचं पीठच शिजवून द्यावं.

कॉर्नफ्लेक्सचा जन्मही पोटाच्याच काळजीतून झालेला आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे डॉ. जॉन हार्वी केलॉग आरोग्यधाम चालवत. रुग्णांचं पोट साफ राहावं हा त्यांचा ध्यास होता, आणि तिथल्या स्वयंपाकघरात गव्हाचे पापुद्रे पहिल्यांदा तयार झाले. पुढे 1906 मध्ये त्यांचा भाऊ विल याने मक्याच्या पापुद्र्यांची कंपनी काढली. या पापुद्र्यांसाठी मक्याची साल आणि अंकुर काढून टाकतात, वर साखर येते. मूळ हेतूतलं फारसं काही उरत नाही. उलट दिशेची साक्ष डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाची. युगांडात वर्षानुवर्षं काम करताना त्यांनी पाहिलं, की भरड अन्न खाणाऱ्या खेड्यातल्या माणसांना मलावरोध आणि मोठ्या आतड्याचे पुष्कळ विकार क्वचितच होतात. 1970 च्या दशकात ते तंतूंविषयी जगभर बोलत राहिले. अण्णांचे वडील मंगळवेढ्याकडचे शेतकरी. त्यांना हे ऐकून नवल वाटलं नसतं.

आता कवळीला चालेल असं काय द्यायचं? उत्तर सासूबाईंच्या आठवणीतून निघालं: कण्या. गिरणीवाल्याला सांगून ज्वारी भरड काढून आणली, पीठ चाळून वेगळं ठेवलं. कण्या रात्री पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी मऊ होईपर्यंत शिजवायच्या, कोमट झाल्या की ताक, मीठ, भाजलेलं जिरं आणि ठेचलेला लसूण. ताक गरम कण्यांत घालू नये. त्यातले जिवंत जिवाणू मरतात आणि ते फुटतंही. डॉक्टरांनी बजावलं होतं की एकदम वाटीभर देऊ नका. पहिले काही दिवस दोन-तीन चमचे, बरोबर पाणी वाढवायचं. तरीही सुरुवातीला वारा धरलाच, अण्णा कुरकुरले, "सूनबाई, हे पोटात गुरगुरतंय." ते गुरगुरणं मला चालणार होतं. जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो.

दुसरा पदार्थ अण्णांनी स्वतःच मागितला: ताकात कुस्करलेली शिळी भाकरी. भाकरी थंड झाली की तिच्यातलं थोडं पिष्ट अशा रूपात बदलतं, जे लहान आतड्यात पचत नाही आणि तंतूंसारखंच पुढे सरकतं. आमच्याकडे शिळ्या भाकरीला गरिबीचा वास चिकटलेला आहे. तो आता पुसला जावा असं मला मनापासून वाटतं.

एक मात्र खरं, सगळ्यांची पोटं सारखी नसतात. त्याच दिवसांत मीही गव्हाची लापशी खाऊ लागले आणि माझं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. गव्हात फ्रुक्टन नावाची शर्करा असते, नाजूक आतड्यात ती लवकर आंबून वायू करते. ज्वारीत ती कमी. मला ज्वारी सोसली, लापशी नाही. आमच्या शेजारणीला याच्या नेमकं उलट.

अण्णांचं रेचक डॉक्टरांनी कमी करत आणलं, इसबगोल अजून चालू आहे. कॉर्नफ्लेक्सचा डबा घरात आहे, नातू खातो, अण्णाही एखाद्या रविवारी दुधाबरोबर घेतात. शेजारपाजारचे लोक आता कण्यांची कृती विचारायला येतात. मी आधी त्यांनाच विचारते, त्रास नव्याने सुरू झालाय का, रक्त पडतं का, वजन उतरलंय का. तसं असेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवते, गिरणीचा पत्ता नंतर देते.